अनुभव धागा: माजी विद्यार्थ्यांच्या क्रिकेट क्लबाचा इतिहास कसा उभा करावा

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेला क्रिकेट क्लब पन्नाशीला किंवा पंचाहत्तरीला आला की स्मरणिका काढायचं ठरतं. मग कपाट उघडलं जातं, आणि आत निघतात कसर लागलेली स्कोअरबुकं, पावतीपुस्तकांची स्थळप्रत आणि तारीख नसलेले ग्रुप फोटो. हे साहित्य वाचायचं कसं, पडताळायचं कसं, टिकवायचं कसं, हे ज्यांनी केलं आहे त्यांनी इथे लिहावं. आठवणींसाठी वेगळा धागा काढू. इथे फक्त कामाची पद्धत, आणि काम नेमकं कुठे फसतं ते.

गुणलेखनाचं काम करणारे

सुरुवात स्कोअरबुकापासूनच करा. लोकांना काय आठवतं ते नंतर विचारा. आधी विचारलं की त्यांनी सांगितलेलं शतक तुम्ही वहीत शोधत बसता, आणि वहीत जे खरोखर आहे ते नजरेआड होतं.

प्रत्येक डावाची तीन ठिकाणी बेरीज करा: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, गडी बाद होतानाची धावसंख्या, आणि गोलंदाजीचं पृथक्करण. पहिल्या दोन बेरजा सहसा जुळतात. तिसरी जुन्या वह्यांत जुळत नाही, आणि इथेच नव्या माणसाला वाटतं की गुणलेखक कच्चा होता. बहुतेक वेळा तसं नसतं. साधारण १९८०च्या दशकापर्यंत वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर लावत नसत. त्यामुळे जुन्या वहीत गोलंदाजांनी दिलेल्या धावा या फलंदाजांच्या धावांइतक्याच भरतात, आणि त्यात सगळी अवांतर मिळवली की एकूण धावसंख्या येते. नव्या पद्धतीत गोलंदाजांच्या धावांत फक्त बाय आणि लेगबाय मिळवायचे. क्लबाच्या वहीत हा बदल कोणत्या मोसमात झाला ते दोन्ही सूत्रं लावून कळतं. ते कळल्याशिवाय गोलंदाजांच्या सरासऱ्या एका यादीत मांडू नका.

नोबॉलचंही तसंच. आधी नोबॉलवर चौकार गेला तर चारच धावा मांडल्या जात. दंडाची एक धाव दुसरी कुठलीच धाव झाली नाही तरच मिळे. दंडाची धाव वेगळी धरून चार अधिक एक मोजणं २०००च्या नियमावलीपासून सर्वत्र रुळलं. १९७०ची वही आजच्या हिशोबाने ‘दुरुस्त’ केली तर निकालच बदलेल.

आणखी एक जागा म्हणजे भागीदारी. दोघांच्या धावांची बेरीज म्हणजे भागीदारी नव्हे. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि कांबळीने केलेली ६६४ धावांची भागीदारी सर्वांना पाठ आहे. पण ३२६ आणि ३४९ यांची बेरीज ६७५ येते. तेंडुलकर आला तेव्हा कांबळी आधीपासून खेळत होता, त्याच्या त्या आधीच्या धावा भागीदारीत येत नाहीत. भागीदारीतली अवांतर मात्र येतात. खरा हिशोब फक्त ‘गडी बाद’च्या रकान्यातून निघतो: २ बाद ८४ ते २ बाद ७४८. तुमच्या क्लबाच्या वहीत तो रकाना कोरा असेल, तर भागीदारीचा विक्रम छापू नका.

वैयक्तिक धावसंख्याही तपासता येते. कल्याणला जानेवारी २०१६मध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. म्हणजे ८७० सीमापार आणि १३९ पळून. एवढ्या मोठ्या खेळीचा हिशोब असा फोडून दाखवता येतो, कारण प्रत्येक चेंडूची नोंद झाली होती. त्याआधीचा विक्रम इंग्लंडमध्ये क्लिफ्टन कॉलेजच्या कॉलिन्सचा, १८९९चा, नाबाद ६२८. तिथल्या गुणलेखकाने २० धावा इकडेतिकडे असू शकतील असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. शालेय सामन्यांच्या वह्या अशाच असतात. फलंदाजापुढच्या आकड्यांची बेरीज आणि शेवटी लिहिलेली एकूण धावसंख्या वेगळी आली, तर दोन्ही छापा आणि फरक सांगा.

कागदपत्रं जपण्याचं काम करणारे

वरचं सगळं करण्याआधी वही उघडण्याच्या स्थितीत हवी. ओलसर वही उन्हात ठेवू नका. पानं वाकडी होतात आणि निळी शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, दर आठ-दहा पानांमागे टिपकागद घालून वाळवा. टिपकागद ओला झाला की बदला. चिकटलेली पानं पूर्ण कोरडी झाल्यावर मऊ, पातळ पट्टीने कोपऱ्यापासून सोडवा.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आधी काढा. त्या गंजतात, आणि गंज कागद खातो. फाटलेल्या पानावर सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडून गळून जाते, तिचा चिकटा मात्र कागदात मुरतो आणि त्याखालची अक्षरं पुसट होतात. लॅमिनेशन तर अजिबात नको, कारण ते परत काढता येत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयवर, फोटो ६००वर. बांधीव वही स्कॅनरवर दाबून मोडण्यापेक्षा मोबाइल स्टँडवर लावून वरून टिपा. दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश, फ्लॅश बंद. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेवार लागते. तारीख माहीत नसेल तर अंदाज न घालता वहीचा आणि पानाचा क्रमांक द्या. कोरी पानं आणि पुठ्ठ्याच्या आतली बाजूही टिपा. वर्गणीचे हिशोब, संघनिवड, उसन्या दिलेल्या पॅडची नोंद असं बरंच काही तिथेच लिहिलेलं असतं.

संस्थांच्या नोंदणीचं काम पाहणारे

स्थापनेच्या वर्षावरून प्रत्येक क्लबात वाद होतो. याचं कारण साधं आहे. पहिला सामना, पहिली वर्गणी आणि नोंदणी या तीन वेगळ्या तारखा असतात, आणि तिघांत कधीकधी दहा-पंधरा वर्षांचं अंतर असतं. तिन्ही शोधा, तिन्ही छापा.

महाराष्ट्रात असे क्लब सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेले असतात. १८६०च्या कायद्याला किमान सात सभासद लागतात, आणि मूळ घटनापत्रावर त्या सर्वांची नावं, पत्ते, व्यवसाय व सह्या असतात. संस्थापक म्हणून कोणाचं नाव घ्यायचं, याचा लेखी पुरावा हाच. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून त्याची आणि परिशिष्ट एकची (नोंदवहीतल्या संस्थेच्या उताऱ्याची) प्रमाणित नक्कल घ्या. नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होत असेल तर ती १८६०च्या कायद्याखालची संस्था.

त्यापुढची कार्यकारिणी १९५०च्या कायद्यातल्या कलम २२च्या बदल अर्जांत सापडते. बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा असतो, पण क्लब चार-पाच निवडणुकांचे अर्ज एकदम करतात. त्यामुळे मंजुरीच्या आदेशाचं वर्ष म्हणजे अध्यक्षपदाचं वर्ष असं धरू नका. अर्जासोबत जोडलेल्या सभेच्या ठरावाची तारीख घ्या.

नोंदणीआधीच्या काळासाठी पावत्या बघा. रुपये-आणे-पै असेल तर पावती एप्रिल १९५७च्या आधीची, निदान छपाई तरी. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. लेटरहेडवर ‘मुंबई २८’ किंवा ‘पुणे ३०’ असेल तर मजकूर १५ ऑगस्ट १९७२पूर्वी छापलेला असण्याची शक्यता जास्त. सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की त्यानंतरचा. छापलेलं लेटरहेड संपेपर्यंत वापरतात, म्हणून पिनकोड नसणं हा पुरावा कच्चा आणि असणं हा पक्का.

शाळेच्या कार्यालयात काम केलेले

खेळाडू खरंच माजी विद्यार्थी होता का, हे जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशनोंदवही) सांगतं. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज करा आणि सोबत नावांची यादी द्या. ‘रजिस्टर बघायला द्या’ म्हणून कोणी देणार नाही, आणि द्यायलाही नको. त्यात जात, जन्मतारीख, पालकांची माहिती असते. तुम्हाला हवं ते एवढंच: पूर्ण नाव, प्रवेशाचं वर्ष, शाळा सोडल्याचं वर्ष. पूर्ण नावाचा आग्रह धरा. स्कोअरबुकात नुसतं ‘पाटील’ किंवा ‘कुलकर्णी (मोठा)’ असतं, आणि दोन भावांच्या धावा एकाच्या खात्यात गेलेल्या मी अनेक स्मरणिकांत पाहिल्या आहेत.

१९७५ला खास सांभाळा. त्या वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन तुकड्या एकदमच शाळेतून बाहेर पडल्या. ‘७५ची बॅच’ एवढंच लिहिलं तर दोन वेगळ्या वयाची मुलं एकत्र होतात. क्लबात बॅचवार सामने होत असतील तर त्या वर्षाचा एक संघ जास्त का दिसतो, त्याचं उत्तरही हेच.

लंडनहून

इकडे माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांची मोठी स्पर्धा म्हणजे १९६७पासूनचा क्रिकेटर कप. त्यात फक्त त्या शाळेचे माजी विद्यार्थी खेळतात, बाहेरचा चालत नाही. आपल्याकडच्या क्लबांनी कधी ना कधी दार उघडलेलं असतं, कारण लीगसाठी दर रविवारी अकरा जण मिळायला हवेत. ती नियमदुरुस्ती कोणत्या सर्वसाधारण सभेत झाली ते इतिवृत्तातून शोधा. क्लबाच्या आयुष्यातलं ते फार महत्त्वाचं वळण असतं आणि स्मरणिकांत ते नेमकं वगळलं जातं.

मैदान आणि खेळपट्टीचं काम करणारे

आकड्यांशेजारी खेळपट्टी लिहा: मॅट की टर्फ (गवताची नैसर्गिक खेळपट्टी). शाळेच्या मैदानावर पूर्वी बहुतेक वेळा काथ्याची मॅट असे. खाली लाल मातीचा थर पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेला. मॅट एका टोकाला खिळून, दुसऱ्या टोकाकडून चार-पाच जणांनी ताणायची आणि मग दोन्ही कडांना खिळे ठोकायचे. ताण कमी पडला की मधे फुगा येतो, आणि फुग्यावर पडलेला चेंडू एकदा उसळतो, एकदा घसरतो. ताण नीट असेल तर उसळी मोठी आणि एकसारखी, फिरकीला पकड भरपूर. अशा मॅटवर ऑफस्पिनरने मोसमात घेतलेले गडी आणि त्यानेच टर्फवर घेतलेले गडी एकाच बेरजेत घातले, तर दोन्हींचा अर्थ जातो.

मुंबईतल्या क्लबांनी कांगा लीगची आकडेवारी वेगळीच ठेवावी. १९४८पासून ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात होते, उघड्या ओल्या खेळपट्टीवर, वाढलेल्या गवतात. तिथे जमिनीवरून मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोहोचतच नाही. चाळीस धावांची खेळी तिथे सामना जिंकून देते. उन्हाळ्यातल्या मैत्री सामन्यांबरोबर सरासरी काढली तर क्लबाचे सर्वांत चांगले फलंदाज यादीत खाली जातात. हा अन्याय करू नका. पावसाने वाया गेलेले सामनेही पाहा: एकही चेंडू पडला नसेल तर तो ‘खेळलेल्या’ सामन्यांत धरायचा नाही.

ग्रुप फोटोंवर काम करणारे

फोटो चौकटीतून काढून मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेला क्रमांक तिथे असतो. नावं विचारताना फोटोची मोठी प्रत काढा, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि तीन जणांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची नावं सगळ्यांची होतात. दोघांचं जुळलं तर नाव छापा. नाही तर जागा रिकामी ठेवा.

पॅडचे पट्टे कातडी बकलचे की वेल्क्रोचे, यावरून दशकाचा अंदाज येतो. हेल्मेट दिसलं तर फोटो १९७०च्या दशकाअखेरीच्या आधीचा नाही. ढालीवर वर्षांच्या छोट्या पट्ट्या असतील तर भिंगातून शेवटची पट्टी वाचा. त्या एका पट्टीने फोटोचा वाद मिटतो.

वाचनालयात काम करणारे

रविवारच्या सामन्याचा निकाल सोमवारच्याच नव्हे, मंगळवारच्या अंकातही असतो. दोन्ही बघा. मुंबईसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यासाठी नगर वाचन मंदिर. जाताना तारखांची यादी घेऊन जा. ‘६०च्या दशकातली क्रीडापानं दाखवा’ म्हटलं तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही. बातमीत संक्षिप्त धावफलक असतो, तो वहीशी ताडा. फरक आला तर वही प्रमाण माना, पण सामन्याची तारीख मात्र वर्तमानपत्राचीच घ्या. वहीत तारीख टाकायची राहून जाते आणि मग नंतर अंदाजाने घातलेली असते.

गुणलेखनाचं काम करणारे, पुन्हा

टेनिस बॉलच्या बॅचवार सामन्यांचं काय करायचं, असं विचारलं गेलंय. इतिहासात घ्या, विक्रमांत घेऊ नका. सीझन बॉलचे (लेदर चेंडूचे) विक्रम वेगळे, आणि त्यातही लीग व मैत्री सामने वेगळे. खेळाडूने शाळेत असताना हॅरिस शील्ड किंवा जाइल्स शील्डमध्ये केलेल्या धावा क्लबाच्या नाहीत, शाळेच्या आहेत. त्यांचं स्वतंत्र परिशिष्ट करा.

सरासरी काढताना ज्या डावांनी भागायचं त्यांतून नाबाद डाव वजा होतात, पण किमान डावांची अट घाला. नाहीतर दोनदा नाबाद राहून एकदाच बाद झालेला अकरावा फलंदाज यादीत पहिला येतो. आमच्याकडे मोसमाला पाच डाव ही अट पुरते.

ज्या मोसमांच्या वह्या नाहीत, त्यांची यादी स्मरणिकेच्या पहिल्या पानांतच छापा, प्रत्येक वर्ष लिहून. ती वाचून कोणाच्या तरी माळ्यावरून वही निघते. म्हणून अंक छापून झाल्यावरही स्कॅन केलेला संच बंद करू नका. एक प्रत क्लबाकडे, एक शाळेच्या ग्रंथालयात, एक सार्वजनिक ग्रंथसंग्रहालयात ठेवा, आणि नव्याने आलेल्या वहीची पानं तिन्ही ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी एका पदाधिकाऱ्याच्या नावाने ठरावात लिहून घ्या.