मदत हवी आहे: मुलीच्या आजाराला अजून नाव नाही

नमस्कार. माझी मुलगी २७ वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, सतत थकवा, सांधेदुखी आणि उभं राहिलं की धडधड. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ईएसआर, सगळं नॉर्मल. एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, ते पाहणारी रक्ततपासणी) एकदा किंचित पॉझिटिव्ह आली, पण ती निरोगी माणसांतही येते, नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. एका डॉक्टरांनी तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण केली. त्या दिवशी तिने फाइल कपाटावर टाकली, आठवडाभर हात लावला नाही.

परवा केस विंचरताना तिचा हात मध्येच खाली आला. मी कंगवा घ्यायला पुढे झाले, तर म्हणाली, "आई, राहू दे ना." मी मागे सरले. पण जीव तुटतो हो.

सध्या आम्ही नाडी मोजून वहीत लिहितो. आडवी असताना ७२, उभं राहून दहा मिनिटांनी ११०. बीपी पडत नाही. मोठ्या माणसांत ठोके ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की ठोके फार वाढतात त्या विकाराचा, विचार करतात. ही वही आधी कुणाला दाखवावी, हृदयरोगतज्ज्ञांना की न्यूरॉलॉजिस्टना?

आणि मी तिच्यासोबत आत जावं का? गेले की डॉक्टर माझ्याशीच बोलतात, ती गप्प बसते. नाही गेले तर थकव्यात निम्मं सांगायचंच राहतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत हे कुणी कसं जमवलं, कृपया सांगा. घरगुती उपाय नकोत, ते खूप करून झाले.