आवई, अफवा, वदंता : खरं-खोटं ठरायच्या आधी काय म्हणायचं?

काना_मात्रा
एप्रिल २०२० मध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग उन वीसेक दिवस कुणाच्या नजरेस पडले नव्हते. त्या दिवसांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. ११ एप्रिलला ते पक्षाच्या बैठकीत दिसले, आणि १५ तारखेला आजोबांच्या जयंतीला समाधिस्थळी फिरकलेच नाहीत. तिथून जगभर सुरू झालं, आहेत की गेले?

मी लिहिलं होतं, 'किम यांच्या मृत्यूची आवई उठली'. संपादकांनी आवई खोडून 'अफवा' केलं. त्यांचं म्हणणं, आवई फक्त येणाऱ्या संकटाची उठते : वाघ आला, शत्रू आला, धरण फुटलं. माझ्या कानावर मात्र लग्नाची, बदलीचीसुद्धा आवई आहे.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. तो परिच्छेद २५ एप्रिलच्या सुमाराचा. त्या दिवशी खरं काय ते बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आवई काय नि अफवा काय, शब्द वापरला की 'खोटं' असा निकाल लागून जातो. निकाल न देणारा शब्द कोणता?

खडूफळा
आवईबद्दल तुमचं बरोबर, संपादकांचं चूक. आवई म्हणजे पोकळ बातमी, मग ती कशाचीही असो. वाघाची आवई जास्त ऐकू येते, एवढंच.

अफवा मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ नुसता 'तोंडं', अनेकवचन. चार तोंडी झालेली गोष्ट. खोटेपणा मुळात नाहीच, तो आपण चिकटवला. तेव्हा बिनधास्त अफवा लिहा.

अर्धविराम
मुळात काय होतं त्याने आज काय होणार? आजचा वाचक 'अफवा' वाचला की 'म्हणजे खोटं' असंच समजतो. तालिबानचा म्होरक्या मुल्ला उमर, त्याचं घ्या. तो २०१३ च्या एप्रिलमध्ये मेला, आणि तालिबानने ते जुलै २०१५ पर्यंत दडवून ठेवलं. त्याच महिन्यात त्याच्या नावाने ईदचा संदेशही निघाला होता! मधल्या काळात 'तो केव्हाच गेला' म्हणणाऱ्यांच्या बोलण्याला ज्यांनी अफवा म्हटलं, ते तोंडघशी पडले. शब्दाची निवड ही इथे बातमीची जबाबदारी आहे.

माझं मत : वदंता.

मायबोलीकर_जुना
वदंता उत्तम. 'किंवदंती'तून आलेला, आपल्या मातीत मुरलेला शब्द. अरबी-फारसीकडे हात पसरायची गरजच काय? वदंता आहे, बोलवा आहे, भुमका आहे. हे शब्द वापरले नाहीत तर मरतील.

सांजवारा
वापरायला हवेत हे कबूल, पण जागेवर वापरायला हवेत. वदंतेला वय लागतं. 'या किल्ल्यात धन पुरलंय अशी वदंता आहे' हे ठीक. ट्विटरवर एका रात्रीत 'किम मेला' हा हॅशटॅग वर चढला, त्याला वदंता म्हटलं तर कानाला खटकतं. बोलवाही तशीच, सावकाश पसरणारी. आणि अफवा परका शब्द म्हणाल, तर तुमच्याच प्रतिसादातला 'गरज' कुठला आहे? तोही अरबीच.

मायबोलीकर_जुना
रुळलेले शब्द हाकला असं मी म्हटलेलं नाही. पर्याय हाताशी असताना आधी तो बघा, एवढंच म्हणतोय. 'जुनं ते टाका' हा हट्ट तरी काय कमी आहे?

रेघोटी
मला वाटतं एकच शब्द शोधणं हीच गफलत आहे. त्या वीस दिवसांत निदान तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. उत्तर कोरियातल्या वॉन्सान शहरात, किम घराण्यासाठी राखलेल्या खास स्थानकात उभी असलेली, सुमारे २५० मीटर लांबीची आगगाडी उपग्रहचित्रात दिसली आणि अभ्यासक म्हणाले, किम तिथे असावेत. ही अटकळ. अटकळीला काहीतरी खूण लागते, आणि ती बांधणारा 'असावेत'च्या पुढे जात नाही. दक्षिण कोरियातले, उत्तरेतून पळून आलेले एक खासदार म्हणाले, ९९ टक्के खात्री आहे, गेले. हा दावा, त्याला धनी आहे. म्हणूनच पुढे त्यांना माफी मागावी लागली. आणि हॅशटॅग? त्याला ना खूण ना धनी. ती आवई. काना_मात्रा, तुमच्या वाक्यात कर्ता कोण आहे ते आधी बघा, शब्द आपोआप मिळेल. मात्र 'निधनाच्या चर्चांना उधाण' तेवढं लिहू नका, हात जोडते.

खडूफळा
अटकळ झकास. पण एक बघा. याच किमच्या आजोबांच्या मृत्यूची बातमी नोव्हेंबर १९८६ मध्ये सीमेवरच्या भोंग्यांच्या हवाल्याने जगभर गेली, आणि गृहस्थ विमानतळावर मंगोलियाच्या नेत्याच्या स्वागताला हजर! उलट वडील १७ डिसेंबर २०११ ला गेले, तर १९ तारखेला जाहीर होईपर्यंत बाहेर कुणाला कुणकुणसुद्धा नाही. कुणकुण राहिलाच की! कुणकुण लागते ती बहुधा खऱ्याचीच.

सांजवारा
बहुधा. म्हणजे तोही निकालच, उलट्या बाजूचा.

पाटीपेन्सिल
कंडी आणि वावडी कुणीच घेतली नाही? वावडी म्हणजे पतंग. म्हणून ती उठते, उडते, आणि दोर कुणाच्या तरी हातात असतो. आवई आपसूक उठू शकते, वावडीमागे माणूस असतो. कंडी मात्र का 'पिकते', ते मला आजवर कळलेलं नाही. कंडी हे एखादं फळ असावं का?

अर्धविराम
पिकते तर बातमीही. फळ कशाला शोधायचं?

आणखी एक. १ मे रोजी किम सुन्चॉनच्या खत कारखान्याची फीत कापताना दिसले, तरी प्रकरण संपलं नाही. दात वेगळे आहेत, मनगटावर डाग आहे, हा तो नव्हेच, असं सुरू झालं. अशा उभ्या केलेल्या माणसाला तोतया म्हणावं का?

रेघोटी
नको. तोतया स्वतः 'मी तोच' म्हणून उभा राहतो, गादी लाटायला. इथे आरोप असा होता की दरबारानेच दुसरा माणूस पुढे केला. बघणाऱ्याची फसवणूक दोन्हीकडे आहे, पण फसवणारा वेगळा.

मायबोलीकर_जुना
तोतया म्हटलं की सदाशिवरावभाऊच. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला भाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पुढे तोतया उपटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. 'आहेत की गेले' हा प्रश्न पंधरा वर्षं एक राज्य पोखरत होता. भाऊगर्दी हा शब्दही तिथलाच, भाऊ गर्दीत शिरले ते दिसेनासे झाले.

सांजवारा
भाऊगर्दीची ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि दर वेळी मला ती मागाहून रचलेली वाटते. 'गर्दी'चा जुना अर्थ धुमाळी, कत्तल. नारायणरावांच्या खुनाला गारद्यांची गर्दी म्हणतात ते त्याच अर्थाने. म्हणजे भाऊगर्दी हे त्या लढाईचं नाव झालं. भाऊ गर्दीत हरवण्याशी त्याचा काय संबंध?

मायबोलीकर_जुना
लढाईचं नाव भाऊंवरून पडलं ना? मग संबंध आहेच.

सांजवारा
भाऊंशी आहे. हरवण्याशी नाही. आज आपण 'उमेदवारांची भाऊगर्दी' म्हणतो, त्यात ना भाऊ ना कत्तल, नुसती दाटी उरलीय.

पाटीपेन्सिल
मग तोतया कुठून? 'तोता'वरून? शिकवलेलं बोलणारा?

खडूफळा
ऐकायला गोड आहे, पण आधार दाखवा. भाऊंच्या आधीच्या एखाद्या कागदात तोतया सापडला तर बोलू. वेगळा धागा काढा, मी येतो.