निर्वानाची 'अनप्लग्ड' मैफल आणि गाण्यांची निवड

गाजलेली गाणी ॲकॉस्टिक (विजेच्या जोडणीशिवाय वाजणाऱ्या) गिटारवर वाजवून पुन्हा विकायची, एवढाच 'अनप्लग्ड' अल्बमांचा हेतू असतो, असे एक मत आहे; पण ते 'निर्वाना' या अमेरिकन रॉक बँडच्या 'एमटीव्ही अनप्लग्ड इन न्यू यॉर्क' या अल्बमला मुळीच लागू पडत नाही. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या या मैफलीत बँडने आपले सर्वांत लोकप्रिय गाणे वाजवलेच नाही. उलट चौदापैकी सहा गाणी इतरांची निवडली, त्यांतली तीन 'मीट पपेट्स' या रॉक बँडची, आणि त्या बँडच्या कर्कवुड बंधूंनाच 'निर्वाना'चा गायक-गिटारवादक कर्ट कोबेनने साथीला मंचावर बसवले. शिवाय मैफल पूर्णपणे ॲकॉस्टिकही नव्हती, कारण डेव्हिड बोवीच्या गाण्यात कोबेनची गिटार ॲम्प्लिफायरमधून खरखरत येते, ते स्पष्ट ऐकू येते.

मैफलीतले शेवटचे गाणे हे लेड बेली या जुन्या अमेरिकन लोकगायकाने गायलेले जुने लोकगीत आहे. अखेरच्या कडव्यात कोबेनचा आवाज एकदम वरच्या सप्तकात जाऊन फाटतो आणि शेवटचे शब्द पुरे करण्याआधी तो क्षणभर थांबून श्वास घेतो; माझ्या मते रॉक संगीतात याहून प्रामाणिक गायन क्वचितच सापडेल.

एप्रिल १९९४ मध्ये कोबेनचा मृत्यू झाला आणि या मैफलीचा अल्बम नोव्हेंबरमध्ये आला, त्यामुळे अनेकांना त्यात निरोप ऐकू येतो. मला तर त्यात आपल्या आवडीची, फारशी कुणाला ठाऊक नसलेली गाणी हट्टाने लोकांपुढे ठेवणारा एक रसिक ऐकू येतो.