नोकरीसाठी स्वतःचे प्रोजेक्ट लागतातच का? (अनुभव धागा)

सॉफ्टवेअरच्या मुलाखती घेणाऱ्यांनो, उमेदवाराचं गिटहब (कोड ठेवायची साइट) खरंच उघडता का? उघडलंत तर काय बघता? नेमकं लिहा, उपदेश नको.

कॅम्पस भरती, पुणे
मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत पहिली चाळणी बहुधा टक्क्यांची आणि ऑनलाइन परीक्षेची. तिथे लिंक कोण उघडतंय! मुलाखतीत मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर गाडी येते आणि चौघांच्या गटात काम कोणी केलं ते लगेच कळतं.

बॅकएंड (सर्व्हरकडचा कोड), छोटी प्रॉडक्ट कंपनी
उघडतो, पण दोन-तीन मिनिटंच. आधी रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल), मग कमिटची, म्हणजे कोडमध्ये वेळोवेळी नोंदवलेल्या बदलांची, यादी. 'फायनल' नावाचा एकुलता एक कमिट असला की कोड उचललेला वाटतो. एन्व्ह फाइलमध्ये (अ‍ॅपची सेटिंग्ज ठेवायची फाइल) डेटाबेसचा पासवर्ड तर हमखास सापडतो. फाइल नंतर उडवली तरी जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. आधी पासवर्ड बदला, मग फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने कोणत्या फाइल वगळायच्या त्या यादीत) घाला.

विषय म्हणाल तर टूडू लिस्ट आणि हवामानाचं अ‍ॅप आता पुरे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या घ्या. थकबाकीदाराने अर्धीच रक्कम भरली तर आधी व्याज वळतं करायचं की मुद्दल? 'भरा' बटण दोनदा दाबलं तर पावत्या दोन निघतात का? व्यवहार क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) आहे का? एवढ्यावर अर्धा तास सहज बोलता येतं.

डेव्हऑप्स (अ‍ॅप सर्व्हरवर चढवून चालू ठेवणारे)
रेंडर या अ‍ॅप होस्ट करणाऱ्या सेवेच्या फुकट सर्व्हरवर 15 मिनिटं कोणी फिरकलं नाही की अ‍ॅप झोपतं, उठायला मिनिटभर घेतं. तेवढं कोणी थांबत नाही. रीडमीत दोन स्क्रीनशॉट टाका. हेरोकू या तशाच सेवेची फुकट सोय नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाली, तरी रेझ्युमेत त्या मेलेल्या लिंक अजून असतात.

एचआर
सात-आठ वर्षं अनुभव असलेल्याकडे प्रोजेक्ट मागणं मला अन्यायाचं वाटतं. कंपनीचा कोड दाखवता येत नाही आणि संध्याकाळी घर असतं. अशांनी डेटाबेसची एखादी संथ क्वेरी, तिचा एक्स्प्लेन (डेटाबेस ती कशी चालवतो ते दाखवणारा आराखडा) आणि ती वेगवान करायला लावलेला इंडेक्स एवढं तोंडी नीट सांगावं. ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी करार वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार वेगळं ठरलं नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालक कंपनी. काही करार घरी केलेलं कामही त्यात ओढतात. निदान कंपनीचा लॅपटॉप तरी वापरू नका.

टेस्टिंग
आम्हाला अ‍ॅप नकोच. एखाद्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पात नोंदवलेला बग दाखवा: पायऱ्या, अपेक्षित काय, झालं काय, ब्राउझरची आवृत्ती.