गाडी घाटात तापली की बंद पडते, पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ
पाच महिने झाले, तीन मेकॅनिक झाले, साडेबावीस हजार गेले, गाडी आहे तिथेच. चालता चालता इंजिन एकदम बंद होतं. स्टिअरिंग जड झालं की कळतं. मग कितीही सेल्फ मारा, घेत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू! गॅरेजला नेईपर्यंत ठणठणीत. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "ताई, काहीच प्रॉब्लेम नाही."

परवा कुंभार्ली घाटात ऐन वळणावर, चढाला बंद पडली. मागे सिमेंटचा ट्रक. बाबा आत बसलेले. हँडब्रेक ओढला, उतरले आणि चाकांमागे दगड लावले. हात थरथरत होते. दर पंधरवड्याला बाबांना चिपळूणहून कराडला डॉक्टरकडे न्यावं लागतं, पुढची तारीख सोमवारी आहे. असं कोणाला झालंय का? कृपा करून "चांगल्या गॅरेजला दाखवा" एवढंच लिहू नका.

सह्यभटक्या
पेट्रोल की डिझेल? साल? किती चाललीय? टेम्परेचरचा काटा कुठे असतो?

वाशिष्ठीकाठ
पेट्रोल, २०१४, ९१ हजार. काटा मध्यावरच. प्लग, कॉइल, पेट्रोल फिल्टर नवीन टाकले. थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केली. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही.

कृष्णाकाठचा
२०१४ ची गाडी आणि आताचं पेट्रोल, दुसरं काय होणार? २० टक्के इथेनॉल जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. माझा पंप दोनदा गेला. पंप बदला, टाकी धुऊन घ्या. मेकॅनिक हे सांगत नाहीत.

जुना पाना
दादा, पंप बदला म्हणण्याआधी विचारा तरी. पेट्रोल कमी पडलं तर गाडी बहुतेक वेळा आधी आचके देते, पिकअप जातो. ताई, बंद पडण्याआधी आचके येतात?

वाशिष्ठीकाठ
नाही. किल्ली फिरवून बंद केल्यासारखी जाते.

कृष्णाकाठचा
तीस वर्षं गाडी चालवतोय. तापलेला पंप आचके न देताही बंद पडतो.

चार्जर
एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाका आणि इलेक्ट्रिक घ्या. मी दीड वर्षापूर्वी घेतली, ना प्लग ना फिल्टर. हवं तर मॉडेल सुचवतो.

पोफळीकर
बॉनेटखाली उंदीर बघा. आमच्याकडे पावसाळ्यात वायरिंग कुरतडलं होतं, महिनाभर कोणाला सापडलं नाही. तंबाखूची पानं ठेवतो आता. आणि घाटातलं कोणतं वळण? तिथला रस्ता फार खराब आहे, त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

वाशिष्ठीकाठ
उंदीर नाहीत, वायरिंग पाहिलं. गाडी विकायला सध्या पैसे नाहीत. परवा तर सीएनजीवरच होती, त्यामुळे पेट्रोलचं मला पटत नाही.

जुना पाना
सीएनजी आहे हे आत्ता सांगताय! दोन्हीवर बंद पडते का?

वाशिष्ठीकाठ
हो, दोन्हीवर. कोणी विचारलंच नाही.

जुना पाना
मग पंप, फिल्टर, इथेनॉल सगळं बाजूला ठेवा. माझा संशय क्रँक सेन्सरवर आहे. इंजिन कुठे फिरलंय हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला सांगतो, त्यावर ठिणगी आणि इंधन दोन्हीची वेळ ठरते. आतली बारीक तार तापली की सुटते, गार झाली की जुळते. सिग्नल थांबला की ईसीयूला वाटतं इंजिनच थांबलंय, म्हणून बऱ्याचदा कोड येत नाही.

सह्यभटक्या
मेन रिले, म्हणजे ईसीयूला वीज देणारा स्विच, तोही तापून सुटतो. माझा तसाच गेला होता.

जुना पाना
बरोबर, म्हणून दोन्ही तपासा. बंद पडली की किल्ली ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर रिले किंवा फ्यूज. दिवा लागला, तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. दोनेकशेपर्यंत उचलला तर सेन्सर ठीक. शून्यावर पडून राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर. काही गाड्यांत सेल्फ मारताना काटा हलतच नाही, म्हणून आधी घरी गार इंजिनवर बघून ठेवा. मग सेन्सरवर ओलं फडकं धरा, लवकर सुरू झाली तर शंकाच नको. गरम भागांपासून हात जपा.

कृष्णाकाठचा
तरी टाकी एकदा धुवाच.

वाशिष्ठीकाठ
गार असताना काटा उचलतो, हे शनिवारी बघून ठेवलं. आज भावाला घेऊन मुद्दाम घाट चढले. हेळवाकच्या अलीकडे बंद पडली. दिवा लागला. सेल्फ मारला, काटा जागचा हलला नाही! भावाने पंचा भिजवून सेन्सरवर धरला, वाफ आली. सहाव्या मिनिटाला सुरू झाली. पाच महिन्यांत कोणी मला तो काटा बघायला सांगितलं नव्हतं.

सेन्सर मागवलाय, मंगळवारी येईल. उद्या बाबांना शेजारच्यांच्या गाडीने नेते.

जुना पाना
कंपनीचाच घ्या, आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते बसवतानाच बघून घ्या. पहिल्या खेपेला बाबांना नेऊ नका, आधी एकटीने घाट वर-खाली करून या. जुना सेन्सर मेकॅनिककडे ठेवू नका, मागून घ्या.