मदत हवी आहे: टीव्हीवरचे ग्राहक पत्रकार टिकतात कसे?

नमस्कार मंडळी, जर्नलिझमच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या लोकल चॅनेलवरच्या ग्राहक पत्रकारांच्या (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, फसवणूक यांवर बातम्या करणाऱ्या रिपोर्टर्सच्या) करिअरवर लिहितेय. बेटी फर्नेस बघा, आधी अभिनेत्री, मग फ्रिजच्या जाहिरातींचा चेहरा, १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ग्राहकविषयक सल्लागार आणि नंतर न्यूयॉर्कच्या चॅनेलवर ग्राहकांसाठी लढणाऱ्या रिपोर्टर, काय जबरदस्त प्रवास आहे! लॉस एंजेलिसचे डेव्हिड हॉरोविट्झ तर जाहिरातीतले दावे कॅमेऱ्यासमोरच तपासायचे.

मला अडलंय ते इथे, की ज्यांच्या जाहिरातींवर चॅनेल चालतं त्यांच्याविरुद्धच बातमी करायची तर ही माणसं इतकी वर्षं टिकली कशी? संपादक पाठीशी उभे राहायचे का? कुणाला याबद्दल मुलाखती, जुने लेख माहीत असतील तर प्लीज सांगा, इंग्रजीतलेही चालतील.