'आमची मुलं अशीच वाढली' हे उत्तर नाही

रातजागर
कालची ती पोस्ट डोक्यातून जात नाहीये. 'बाळ पोटावर गाढ झोपतं, तसंच झोपवा, सकाळी तासभर उघडं उन्हात ठेवा, आमची मुलं अशीच वाढली.' अहो, ज्यांची नाही वाढली ते लिहायला येत नाहीत! १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पोटावर नको, उताणं किंवा कुशीवर झोपवा म्हणून सांगितलं, १९९४ पासून मोहीम चालली, आणि दहा वर्षांत तिथं झोपेत अचानक दगावणारी बाळं जवळपास निम्म्यावर आली. पोटावर गाढ झोप लागते हे खरंच आहे, भीतीही तिचीच आहे. श्वास अडला तरी सहज जाग येत नाही.

तीन नातवंडांची आजी
दूध वर येऊन घशात अडकलं तर? माझी धाकटी सारखी ओकायची, मी रात्र रात्र तिच्या उशाशी बसून काढल्यात. तेव्हा डॉक्टरांनीच पोटावर झोपवायला सांगितलं होतं. आता आम्हीच अडाणी.

रातजागर
आजी, अडाणी कोण म्हणतंय? तेव्हाचा सल्लाच तसा होता. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत सहज उतरत नाही. पालथं केलं की उलट होतं. जागं असताना पोटावर ठेवाच, पण समोर बसून.

नवा बाप
सगळे सल्ले आईला असतात, रात्री बापही उठतो हे कुणाच्या गावीच नसतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बायकोला दोन तास झोप मिळावी म्हणून बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा तो घसरून माझ्या दंडात आणि सोफ्याच्या पाठीत गेला होता, नाक गादीला टेकलेलं, एक कान दाबून लालभडक. उचलल्यावर रडला. तो रडेपर्यंत माझं काय झालं ते मलाच माहीत.

दोन पिल्लांची आई
म्हणूनच म्हणते, कुशीत घेऊन पलंगावर झोपा. मी दोघांनाही तसंच वाढवलंय, पाजायला उठावं लागत नाही. वेगळं झोपवा म्हणणाऱ्यांनी महिनाभर दर दोन तासांनी उठून दाखवावं.

रातजागर
उठलेय मी, पाच महिने. खोली एक, अंथरूण वेगळं, निदान पहिले सहा महिने. टणक सपाट गादी, आत उशी नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही. तुमचं चांगलं झालं म्हणून सगळ्यांना कुशीत झोपवायला सांगू नका!

दोन पिल्लांची आई
आवाज चढवू नका. तो बाप सोफ्यावर का गेला? पलंगावर घेऊ नको म्हणून सगळ्यांनी भीती घातली असणार, म्हणून.

नवा बाप
हो. अगदी तेच झालं होतं.

रातजागर
बरं, एवढं मान्य. डोळा लागणारच असेल तर सोफ्यापेक्षा, आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा, हे ते तज्ज्ञही सांगतात. उशा-पांघरुणं आधी काढून ठेवायची आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवायचं. पण रोजची पद्धत म्हणून मी नाहीच म्हणणार.

टोपीवाली
उन्हाबद्दल कुणीच बोलत नाहीये. ऊन लागू नये म्हणून मी बाबागाडीवर पातळ कापड टाकून चालत होते, वीसेक मिनिटांनी कापड उचललं तर आतून गरम वाफ आली, पोरीची जावळं मानेला चिकटलेली. कापडाने हवा कोंडते हो! सहा महिन्यांच्या आत सावली, टोपी, अंगभर सैल कपडे. सनस्क्रीन त्यानंतर, दर दोन तासांनी पुन्हा.

तीन नातवंडांची आजी
आणि ड जीवनसत्त्व? आम्ही खिडकीत कोवळ्या उन्हात ठेवायचो.

टोपीवाली
खिडकी बंद असेल तर काही उपयोग नाही आजी. ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं ते काच अडवते, त्वचेला त्रास देणारे बाकीचे बरेच आत येतात. अंगावरच्या बाळाला त्यासाठी थेंब देतात, रोज ४०० युनिट, डॉक्टरांना विचारून.

तीन नातवंडांची आजी
थेंबांचं विचारते. पाठीवर झोपवायचंही सुनेला सांगते, ती तेच म्हणत होती, मीच ऐकत नव्हते. पण कोवळं ऊन वाईट असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.